चषकातली काहील

आमच्या बेलापूरच्या नावाची एक गंमत आहे. गाव प्रवरेच्या काठी, पण दौंड-मनमाड मार्गावरचं 'बेलापूर' स्टेशन उभं आहे श्रीरामपुरात. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला तो हरेगावात. आणि मुंबईत 'मी बेलापूरचा' म्हटलं की समोरचा विचारतो, 'म्हणजे नवी मुंबई ना?' नाव एकीकडे आणि वस्तू भलतीकडे, याची आम्हाला सवयच आहे. म्हणून भाच्याने ब्रसेल्सहून आणलेल्या बिअरमध्ये मला चक्क गुऱ्हाळातल्या काहिलीचा वास आला, तेव्हा तो तिथवर गेला कसा, याच्याच मागे लागलो.

बाटली होती 'रोशफोर्ट 10'. बेल्जियममधल्या सें-रेमी मठातली, ट्रापिस्ट साधूंची. बाटली छोटी, 330 मिलीची, पण मद्यार्क 11.3 टक्के. हिशेब केला तर 37 मिलीच्या वर शुद्ध मद्यार्क, म्हणजे आपल्याकडच्या 5 टक्केवाल्या 650 मिलीच्या अख्ख्या बाटलीपेक्षाही जास्त. ही दोघांत वाटून, जेवणानंतर, घोट घोट घ्यायची गोष्ट. मी सवयीने बर्फाकडे हात नेला.

"मामा, थांबा. बर्फ नको. फ्रीजमधून काढलीय, जरा कोमट होऊ द्या."

कोमट बिअर! पण पोरगं बरोबर होतं. ही प्यायची ती 12-14 अंश सेल्सियसला. फार गार असली की वासाचे कण द्रवातून उडतच नाहीत, आणि नाकापर्यंत काही पोचलं नाही तर जिभेला आंबट-गोड-कडूपलीकडे काय कळणार? शिवाय गोडाची जाणीव जिभेवरही गारठ्यात मंदावते. कुल्फी वितळली की जास्त गोड लागते, तसंच हे. म्हणून पेलाही उंच, अरुंद नाही. बुटका, पसरट तोंडाचा, देठाचा चषक. वर फेसाची साय, आणि तिच्यावर नाक खुपसायला जागा.

नाक खुपसलं. आधी मनुका, मग खजूर, भाजलेलं अंजीर. मागून पिकलं केळं आणि लवंगेची पुसट खूण. यातलं काहीही बाटलीत घातलेलं नसतं. केळ्याचा वास हा यीस्टचा उद्योग. उबेत आंबवलं की ते आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं, आणि पिकल्या केळ्यालाही वास येतो तो त्याच रेणूचा. केळ्याच्या झाडाची आणि बुरशीच्या एका पेशीची कधी भेट नाही, तरी दोघांना एकच अत्तर जमतं!

पण त्या सगळ्याच्या तळाशी काकवी होती. तिचा मी माग काढला.

बेल्जियमच्या गडद बिअरमध्ये माल्टबरोबर साखर घालतात, बऱ्याचदा काळपट पाकाच्या रूपात. तिला म्हणतात 'कँडी शुगर'. यातला 'कँडी' शब्द आला अरबी 'कंदी'तून, तो फारसी 'कंद'मधून, आणि 'कंद' आला संस्कृत 'खंड'वरून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साखरेचे प्रकार मोजलेत, त्यात गूळ आहे तसा हा खंडही आहे. आता सांगा, नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, यात आमचं बेलापूर काय एकटंच आहे!

वस्तू मात्र तिकडे उसाची राहिली नाही. नेपोलियनच्या काळात इंग्रजांच्या नाकेबंदीने युरोपची उसाची साखर अडली, तेव्हा 1811 साली त्याने बिटाची लागवड करायचा हुकूम काढला. बेल्जियम तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यात होतं. आमच्याकडे 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, कालव्याचं पाणी आलं आणि प्रवरेचा पट्टा उसाचा झाला. तिथे कंद, इथे कांडं. पण दोन्हींतल्या साखरेचा रेणू तोच, अणूला अणू जुळणारा. चव वेगळी होते ती चुलाणावर.

गुऱ्हाळात रस काहिलीत उकळतो, गुळव्या वर आलेली मळी काढत राहतो आणि रंग हिरवटावरून तांबूस, तांबड्यावरून तपकिरी होत जातो. 118-120 अंशांपर्यंत गेला की गूळ, त्याआधी उतरवला की काकवी. हा रंग नुसता साखर करपल्याचा नाही. रसातली अमिनो आम्लं साखरेशी जुळतात, त्यातून रंग आणि शेकडो वास जन्मतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मायार यांनी 1912 साली ही क्रिया मांडली. भाकरीला पडणारे डाग हे तिचंच काम. मठाच्या बिअरमधला काळा पाकही याच वाटेने काळा होतो. मला ओळखीचा वास आला तो उगाच नव्हे.

आणि खरी चकवणारी गोष्ट पुढेच. इतकी साखर घालूनही बिअर गोडमिट्ट लागत नाही. उलट साखरेनेच ती हलकी होते. माल्टमधल्या काही लांबलचक शर्करा यीस्टला पचत नाहीत, त्या मागे राहून अंगाला जडपणा देतात. साध्या साखरेचा मात्र ते फडशा पाडतं: मद्यार्क वाढतो, जडपणा वाढत नाही. सगळं माल्टच घातलं असतं तर इतक्या ताकदीची बिअर घशाखाली ढकलावी लागली असती.

त्या ताकदीमागे कायदाही आहे. 1919 साली बेल्जियमने कॅफेंत कडक दारू विकायला बंदी केली, ती 1983 पर्यंत टिकली. गिऱ्हाइकाची तहान मग कडक बिअरकडे वळली. (परवान्याच्या राज्यात राहणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.)

ओतायची रीत राहिली. ही बिअर बाटलीत पुन्हा आंबते. बूच लावण्याआधी थोडी साखर आणि यीस्ट घालतात, वायू आतच तयार होतो आणि यीस्ट तळाशी बसतं. म्हणून बाटली उभी ठेवायची, हलवायची नाही, पेला तिरका धरून एका संथ धारेत ओतायची आणि शेवटचं बोटभर आत सोडायचं. भाच्याने नेमकं तसंच केलं आणि बाटली बाजूला सारली.

तो फोन घ्यायला ओट्यावर गेला तेव्हा मी तळ हलवून ते गढूळ बोटभर पेल्यात घेतलं. भाकरीच्या पिठासारखं लागलं, थोडं कडवट. पेला रिकामा झाला, हाताच्या उबेने गरम झाला, आणि मग काकवी सगळ्यांत मोठ्याने बोलली.