बाबासाहेबांचा रुपया आणि चोवीस लाखांचा फोन

माझ्या आईजवळ १९९० सालचा एक रुपया आहे. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने काढलेला, त्यांची मुद्रा असलेला. आई तेव्हा विड्या वळायची. आठवड्याच्या मजुरीत तो तिच्या हाती आला आणि तिने तो मोडला नाही. मजुरीतला एक रुपया बाजूला ठेवणे किती जड असते, हे ज्यांच्या घरात विडीचे सूप होते त्यांना सांगायला नको. तेव्हापासून तो तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे वाटीत आहे.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मोबाईलवर जाहिरात पाहिली. आंबेडकरांचे नाणे असेल तर २४ लाख मिळतील! पोराने फोटो पाठवला. तासाभरात फोन आला. बोलणाऱ्याने सुरुवातच 'जयभीम'ने केली. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे, शिक्का मारलेले पत्र आले आणि नोंदणीचे म्हणून २,५५० रुपये मागितले गेले. पोराने ते भरले. पुढे कराचे म्हणून १८,००० मागितले, तेव्हा तो माझ्याकडे आला.

मी आईला आणि भाच्याला घेऊन नागपुरात इतवारीतल्या एका जुन्या नाणेविक्रेत्याकडे गेलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, भिंग आणि छोटा तराजू. त्याने नाणे कडेने धरले, तोंडावर बोट लागू दिले नाही. वजन केले. मग सालाखालची खूण पाहिली. मुंबईच्या टांकसाळीची खूण हिऱ्याच्या आकाराची, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, आणि कोलकात्याची खूणच नसते, हे त्याने भाच्याला समजावून सांगितले. नंतर नाणे दिव्याखाली तिरपे धरून बराच वेळ पाहिले.

"आजी, तुम्ही हे घासता का?"

"दरवर्षी घासतो जी, चौदा एप्रिलले. चिंच लावून. बाबाचा चेहरा काळा कसा ठेवू?"

तो हसला, पण चेष्टेने नाही. म्हणाला, हे तांबे-निकेलचे नाणे, चलनासाठी भरपूर पाडलेले. टांकसाळीतून आले तसे कोरे असते तर हौशी माणसाने थोडे जास्त दिले असते. घासल्याने वरची मूळ झळाळी जाते आणि ती परत येत नाही. आता फार तर वीस रुपये. बाजारात गेलात तर एक रुपया.

मग त्याने पंचम जॉर्जचे दोन चांदीचे रुपये दाखवले. दोन्हींचे वजन ११.६६ ग्रॅम. १९१८ चा ढिगाने सापडतो, त्याला चांदीच्या भावाच्या आसपास किंमत. १९११ चा मात्र महाग. त्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली. थोडी उरली म्हणून भाव. नाणे किती जुने किंवा त्यावर कोण आहे, यावर भाव ठरत नाही. किती उरली, कशी उरली आणि घेणारे किती, यावर ठरतो.

मला बाबासाहेबांचा १९२३ चा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' आठवला. रिझर्व्ह बँकेचे श्रेय आपण व्यासपीठावरून त्यांना देतो, टाळ्या घेतो, पण ते पुस्तक किती जणांनी उघडले? रुपयाची किंमत सोन्याशी जुळवून भागत नाही, त्या रुपयात बाजारात काय मिळते ते स्थिर राहिले पाहिजे, हा त्यातला मुख्य मुद्दा. भाव चढले की मजुरी मागे राहते, म्हणून सरकारला हवी तितकी नाणी पाडण्याची मोकळीक असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. विडीच्या सुपापुढे बसणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. तोच माणूस होता. नाणेविक्रेत्याने फोन मागून घेतला. "साहेब, तुमचे अठरा हजार त्या चोवीस लाखांतूनच कापून घ्या. बाकीचे पाठवा." पलीकडे क्षणभर शांतता, आणि फोन बंद. मग तो म्हणाला, महिन्यात दोन-तीन माणसे तरी अशी पत्रे घेऊन येतात, आणि बहुतेकांनी पैसे आधीच भरलेले असतात. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजीच जाहीर केले आहे की, जुन्या नाण्या-नोटांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, त्यासाठी ती कसलेही शुल्क घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पण ते निवेदन वस्तीत कोण पोचवणार? चोर मात्र 'जयभीम' म्हणत थेट घरात पोचला.

दुकानातूनच १९३० वर तक्रार नोंदवली. २,५५० रुपये परत मिळतील अशी आशा मी भाच्याला दिलेली नाही.

विक्रेत्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत. नाणे ठेवायला प्लास्टिकचे पाकीट दिले आणि आता घासू नका, असे पुन्हा बजावले. आईने पाकीट भाच्याच्या हातात दिले आणि रुपया पदराच्या गाठीत बांधला. बसमध्ये तिने मला विचारले, "लिंबानं घासला तर चालते का रे?"