विश्लेषण : लिनक्स अपडेट करताना ‘पॅकेज करप्ट’ का दाखवते? फॉरमॅट मारण्याआधी काय पाहावे?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या संगणकांसाठी उबुंटू किंवा लिनक्स मिंट हा बिनखर्चाचा पर्याय उरतो. अडचण येते ती अपडेटच्या वेळी.

अकोला-हिंगोली-नांदेड रस्ता आणि नागपूर-तुळजापूर महामार्ग जेथे मिळतात, त्या वारंगा फाट्यावरच्या (जि. हिंगोली) एखाद्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात असा संगणक आहे, असे समजा. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट जाते आणि नंतर स्क्रीनवर ‘हॅश सम मिसमॅच’ असा संदेश येतो. समोर पीक विम्याचा अर्ज भरायला शेतकरी उभा, मुदतीचा शेवटचा दिवस. ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला लगेच मिळतो. त्यात ग्राहकांची स्कॅन केलेली कागदपत्रेही जातात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

हा संदेश नेमके काय सांगतो?

लिनक्सचे सर्व्हर प्रत्येक पॅकेजचा आकार आणि त्याची ‘एसएचए-२५६’ ही खूण एका यादीत देतात. त्या यादीवर डिजिटल सही असते. उतरवलेली फाइल यादीशी जुळली नाही, तर ‘ॲप्ट’ ती बसवतच नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पावतीशी जुळला नाही तर शेतकरी ती परत करतो, तसेच हे. म्हणजे संगणक बिघडलेला नसतो. त्याने खराब माल दारातच अडवलेला असतो.

माल खराब का होतो? अर्धवट डाउनलोड हे नेहमीचे कारण. कधी सर्व्हरवरच नवी फाइल चढत असते, तेव्हा तास-दोन तास थांबलेले बरे. सार्वजनिक वायफायवर लॉगिनचे पानच पॅकेज म्हणून सेव्ह झाल्याचेही घडते. आणि जुन्या संगणकात सहसा कोणी पाहत नाही ती गोष्ट म्हणजे मदरबोर्डवरचा बटन सेल. तो संपला की तारीख काही वर्षे मागे जाते आणि यादी ‘नॉट व्हॅलिड येट’ ठरते. सेल बदला, तारीख नीट करा. बाकी काही करावे लागत नाही.

दुरुस्ती कशी?

आधी तारीख आणि डिस्कवरची मोकळी जागा पाहा. मग टर्मिनलमध्ये (इंग्रजी अक्षरांत) ‘सुडो ॲप्ट क्लीन’ द्या. साठवलेल्या पॅकेज फाइल्स निघून जातात, तुमच्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. त्यानंतर ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि ‘सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड’. लाइट इन्स्टॉल चालू असताना गेली असेल, तर या दोन्हींच्या आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. तरीही तेच दिसले तर उबुंटूच्या ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये जाऊन ‘मेन सर्व्हर’ निवडा. सी-डॅकचे ‘बॉस’ही डेबियनवर आधारलेले असल्याने कमांड याच चालतात. आर्च किंवा मांजारोवर मात्र ‘पीजीपी सिग्नेचर’चा उल्लेख असेल, तर आधी कीरिंगचे पॅकेज ताजे करावे लागते.

सही तपासणीच बंद करण्याचा ‘शॉर्टकट’ कोणी सुचवला तर ऐकू नका. २० फेब्रुवारी २०१६ रोजी हॅकरांनी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून १७.३ आवृत्तीच्या डाउनलोडची लिंक बदलली आणि चोरवाट असलेली फाइल लोकांच्या हाती दिली. ज्या दुकानात लोकांचे आधार आणि पासबुक रोज स्कॅन होते, तिथे ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

दर वेळी वेगळेच पॅकेज करप्ट निघत असेल, तर संशय नेटवरून काढून रॅम आणि हार्ड डिस्कवर घ्यावा.

रेंज तुटत असेल तर ‘फुल-अपग्रेड’पुढे ‘--डाउनलोड-ओन्ली’ जोडून रात्री फक्त फाइल्स उतरवून ठेवता येतात. मध्येच तुटले तर पुढच्या वेळी डाउनलोड सहसा तिथूनच सुरू होते. बसवण्याचे काम सकाळी, लाइट असताना.