बॅकस्पेस कळ, टर्मिनलवरील
बॅकस्पेस कळ, टर्मिनलवरील : आज्ञा-ओळीवर टंकित केलेले शेवटचे अक्षर खोडण्यासाठी वापरावयाची कळफलकावरील कळ. यूनिक्स व लिनक्स प्रणालींत ही कळ दाबली असता कधीकधी अक्षर खोडले न जाता नकोशी चिन्हे उमटतात. गुप्तशब्द देताना तर काहीच दिसत नसल्याने दोष लक्षात येत नाही व प्रवेश नाकारला जातो.

कळ स्वतः अक्षर खोडीत नाही. ती एक संकेतांक पाठविते; प्रणालीत खोड-चिन्ह म्हणून नोंदलेल्या अंकाशी तो जुळला, तरच अक्षर खोडले जाते. आस्की संकेतावलीत मागे सरकण्यासाठी ८ व खोडण्यासाठी १२७ हे अंक आहेत. १२७ मधील सातही द्विमान अंक (बिट) १ असतात. कागदी फितीवर चुकीच्या अक्षराच्या जागी सातही छिद्रे पाडली की ते रद्द होई. काही टर्मिनले ८ पाठवीत, तर १९८३ मधील व्हीटी२२० टर्मिनलची कळ १२७ पाठवी. दोन्ही प्रथा टिकून राहिल्याने हा विसंवाद उद्‌भवतो.

‘एसटीटीवाय इरेज’ ही आज्ञा लिहून जागा सोडावी, कंट्रोल व व्ही या कळा एकत्र दाबाव्यात आणि मग बॅकस्पेस व एंटर दाबावे. म्हणजे नोंद सुधारते. हा बदल त्या सत्रापुरताच असतो. कायमच्या उपायासाठी टर्मिनल-कार्यक्रमाच्या मांडणीतच १२७ हा अंक निवडणे इष्ट. डेबियन लिनक्सच्या धोरणातही हीच योजना आहे. ८ हा अंक गेल्यास ईमॅक्स संपादकात मात्र खोडण्याऐवजी साहाय्य-सूची उघडते.