रोज्याची कजा, कोर्टाची तारीख

आजारपणात किंवा प्रवासात रोजा सुटला, तर रमजाननंतर तो ठेवून भरून काढता येतो. त्याला ‘कजा’ म्हणतात. माणिकपुरातल्या मुस्लिम घरांत हे लहानांनाही ठाऊक असते. कोर्टातही अशी सवड आहे, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

दिवाणी अपिलाच्या तारखेला अपीलकर्ता किंवा त्याचा वकील हजर नसेल, तर अपील गैरहजेरीमुळे फेटाळले जाऊ शकते. पण तो खऱ्याखोट्याचा निकाल नसतो. सबळ कारण दाखवून ते पुन्हा चालवण्यासाठी अर्ज करता येतो. १९८१ साली ‘रफीक विरुद्ध मुन्शीलाल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे अपील पुन्हा सुनावणीला घ्यायला लावले. वकील आला नाही, याची शिक्षा पक्षकाराला नको, हे त्यामागचे तत्त्व.

परक्या देशात आश्रय मागणाऱ्याचे अपील असे फेटाळले गेले, तर जिथून जीव वाचवून पळाला तिथेच परत पाठवले जाण्याची भीती असते. खोली बदलली आणि नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, एवढेही तारीख चुकायला पुरते.

शेजारी कुणाची तारीख चुकली असेल, तर त्याला आजच वकिलाकडे न्यावे. रोज्याच्या कजेला पुढच्या रमजानपर्यंत सवड असते. दिवाणी अपिलात मात्र फेटाळल्यापासून ३० दिवस मोजले जातात.