गुगलवर नाही, म्हणजे इतिहासातही नाही?

मोडनिंब : जानेवारी म्हणजे आमच्याकडच्या शाळांत भाषणांचा महिना. 3 तारखेला सावित्रीबाई फुले, 9 तारखेला फातिमा शेख, 12 तारखेला सोलापूरचे चार हुतात्मे. मुलं मोबाईल घेऊन बसतात, समोर येतील त्या पहिल्या दोन-तीन पानांवरची वाक्यं उतरवून घेतात आणि भाषण तयार. माझ्या भाचीनंही यंदा तेच केलं. भाषण पाठ झालं, आणि आदल्या संध्याकाळी तिला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर एक जुनी पोस्ट पाठवली. रडवेली होऊन आली. "मामू, फातिमा शेख कुणीतरी बनवलेलं नाव आहे म्हणतात. मग मी उद्या काय बोलू?"

ही पोस्ट बहुतेकांना आठवत असेल. 9 जानेवारी 2025 रोजी पत्रकार दिलीप मंडल यांनी एक्सवर लिहिलं, की फातिमा शेख हे पात्र आपणच घडवलं, अशी कुणी बाई नव्हतीच. त्यावर खूप वाद झाला. त्या वादात एक मुद्दा पुन्हा पुन्हा ऐकू आला : इंटरनेटवर त्यांच्याबद्दल जुनं काही सापडत नाही, म्हणजे त्या नव्हत्या.

हा मुद्दा नीट तपासायला हवा. कारण आज फातिमाबींबद्दल जे म्हटलं जातं, ते उद्या आपल्या कुठल्याही माणसाबद्दल म्हणता येईल.

याचं उत्तर एका पुस्तकात आहे. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं 1988 साली छापलं. त्यात सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं आहेत. 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात, आजारपणामुळे नायगावला राहिलेल्या सावित्रीबाई लिहितात, की आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. उल्लेख एवढाच, एका ओळीचा. पण आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं 15 ऑगस्ट 1995 ला, आणि गुगल कंपनी निघाली 1998 साली. म्हणजे गुगलचा जन्म व्हायच्या दहा वर्षं आधी हे नाव छापील पुस्तकात होतं.

मग ते नेटवर जुन्या तारखेचं का मिळत नाही? याचं कारण अगदी साधं आहे, पण मराठी माणसालाही ते सहसा ठाऊक नसतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर वेगवेगळ्या फॉन्टमध्ये टाईप व्हायचा. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे कितीतरी. ज्यानं त्यानं आपला फॉन्ट वापरायचा. तो फॉन्ट तुमच्या कॉम्प्युटरवर नसेल तर 'फातिमा'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसायचा, आणि शोधयंत्रालाही तोच कचरा दिसायचा. अशी पानं नेटवर असूनही नसल्यासारखीच होती. दुसरं, जुनी पुस्तकं आणि गॅझेटियर स्कॅन करून टाकलेली असतात ती फोटोसारखी. त्यातली अक्षरं यंत्रानं वाचली नसतील तर शोध तिथवर जातच नाही. वाचलेली असली तरी स्पेलिंग आडवं येतं. इंग्रजांच्या 1884 च्या जिल्हा गॅझेटियरवर नाव 'शोलापूर' आहे, 'सोलापूर' नव्हे.

आता दुसरी बाजू. ती आपल्याला टोचणारी आहे, पण सांगायला हवी. भाचीच्या भाषणातलं पहिलंच वाक्य होतं, "फातिमा शेख यांचा जन्म 9 जानेवारी 1831 रोजी झाला." 2022 साली याच तारखेला गुगलनं त्यांचं डूडल लावलं आणि ती घराघरात पोचली. पण त्या पत्रात जन्मतारीख नाही. 'शेख' हे आडनावही नाही. नेटवर ही तारीख शेकडो ठिकाणी आहे, पण एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवतं आणि दुसरं पुन्हा पहिल्याकडे. शंभर पानांवर आलं म्हणून शंभर पुरावे होत नाहीत. हदीस सांगतानाही आपल्याकडे आधी विचारतात ना, कुणाकडून ऐकलं, त्यानं कुणाकडून? तोच प्रश्न इथंही विचारायचा. विकिपीडियावर तर वर 'इतिहास पहा' असं बटणच असतं. कुठलं वाक्य कधी घुसलं ते तारखेसकट दिसतं. आपण ते कधी दाबत नाही, इतकंच.

आणि आज सापडलं ते उद्या सापडेलच असंही नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं 2024 साली मांडलं, की 2013 मध्ये असलेल्या वेब पानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्या पोरांनी ज्यावर रात्री जागवल्या ते ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. एखादं समाजाचं संकेतस्थळ चालवणारा माणूस थकला, वर्षाचे पैसे भरायचे राहिले, की सगळे लेख गेले. जुनी पानं साठवणारं 'इंटरनेट अर्काइव्ह' 1996 पासून आहे, त्याचं 'वेबॅक मशीन' खूप कामाचं आहे. बंद पडलेल्या पानाचा पत्ता तिथं टाका, जुनी प्रत मिळण्याची शक्यता असते. पण ऑक्टोबर 2024 मध्ये त्यावरच सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद होतं. सगळा भार एका खांबावर टाकून चालत नाही.

म्हणून महत्त्वाचं पान दिसलं की 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करायचं आणि आपल्याकडेही प्रत ठेवायची. नुसता मजकुराचा स्क्रीनशॉट उपयोगाचा नाही. पत्ता आणि तारीख दिसली पाहिजे. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला तर मुखपृष्ठाचा आणि प्रकाशन वर्ष छापलेल्या पानाचाही काढा. साहित्य संस्कृती मंडळानं आपली बरीच पुस्तकं संकेतस्थळावर मोफत दिली आहेत, त्यासाठी मोडनिंबहून पुण्याला जावं लागत नाही.

भाचीनं रात्री भाषण बदललं. जन्मतारीख काढली आणि सुरुवात 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रापासून केली. आडनावाचं काय करायचं यावर आमचा थोडा वाद झाला. शेवटी "ज्यांना आपण फातिमा शेख म्हणून ओळखतो" असं तिनंच लिहिलं.

मग तीन दिवसांनी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांचं भाषण होतं. 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारे, आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर 12 जानेवारी 1931 रोजी येरवडा तुरुंगात फासावर गेलेले. शोधताना तिनं वहीत आधी नावाची रूपं लिहून काढली : कुर्बान, कुरबान, हुसेन, हुसैन, हुसेनसाहेब. प्रत्येक रूप टाकलं की वेगळीच पानं येत होती. दोन पानांवर दोन वेगळे तपशील निघाले, तेव्हा ती म्हणाली, "मामू, आता पुस्तकच बघावं लागेल." रविवारी आम्ही सोलापूरला निघालो आहोत.