टेबल फॉर वन!

परदेशातल्या ट्रिपचा शेवटचा दिवस म्हणजे टिपिकल रविवारची संध्याकाळ. सुट्टी संपलेली नसते, पण डोकं केव्हाच सोमवारच्या मीटिंगमध्ये जाऊन बसलेलं असतं. फरक एवढाच की रविवारी संध्याकाळी आपण सोफ्यावर लोळत असतो आणि इथे ट्रॉली बॅगवर बसून तिची चेन लावत असतो.

माझी चेन लागत होती ती लिस्बनमध्ये, आल्फामा नावाच्या जुन्या मोहल्ल्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका चिमुकल्या रूममध्ये. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, गुरुवार. रात्री साडेनऊचं दुबईमार्गे मुंबईचं फ्लाइट. आठ दिवसांचा हिशोब मांडला तर हाती काय होतं? सार्डिन माशांचे चार डबे (बाबांसाठी), बुचाच्या सालीची एक पर्स (आईसाठी), फ्रिजवर लावायचे सहा मॅग्नेट (ऑफिससाठी, दुसरं काय!) आणि एक थाप.

थाप अशी, की मी इथे एकटी नव्हते.

म्हणजे होते एकटीच. पण घरी सांगितलं होतं की मैत्रीण सोबत आहे. प्लॅन खरंच दोघींचा होता. व्हिसा, तिकिटं, सगळं झालं. निघायच्या चार दिवस आधी तिच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह पुढे सरकलं आणि रजा रद्द. ती नागपूरची, तिची आई माझ्या आईला ओळखत नाही. म्हटलं, सांगायचंच कशाला? आधी 'जाऊ नको' ऐकायचं, मग रडारड, मग बाबांचं गप्प बसणं. त्यापेक्षा गप्पच बसू.

पण बॉस, आई रोज फोन करते. 'ती कुठेय?' 'अंघोळीला गेलीय.' 'ती कुठेय?' 'फोटो काढतेय.' 'ती कुठेय?' 'अंघोळीला.' आठ दिवसांत माझ्या मैत्रिणीने न येताच इतक्या अंघोळी केल्या की लिस्बनमध्ये पाणीकपात व्हायची!

शेवटच्या दिवसाचे फंडे

शेवटच्या दिवशी बहुतेक जण एक चूक करतात. राहिलेलं सगळं बघायचं ठरवतात. तसं करू नका. चेकआउट करा, बॅग रिसेप्शनवर ठेवा (बहुतेक ठिकाणी ठेवून घेतात, रात्रीच विचारून घ्या), पासपोर्ट आपल्याजवळ ठेवा आणि एकच गोष्ट निवडा. टॅक्स फ्री खरेदी केली असेल तर त्याचं काम एअरपोर्टवर बॅग चेक-इन करण्याआधी उरकायचं, हेही लक्षात असू द्या. लिस्बनचा एअरपोर्ट शहरातच आहे आणि २०१२ पासून मेट्रो थेट तिथे जाते, त्यामुळे मला टेन्शन नव्हतं.

बघण्यासारखं बरंच बघून झालं होतं. बेलेंला जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर पाहिली. शाळेच्या इतिहासात भेटलेला माणूस असा दगडात आडवा झोपलेला बघून गंमत वाटली. १८३७ पासून चालू असलेल्या दुकानासमोर रांग लावून कस्टर्डचे गरम टार्ट खाल्ले, वर दालचिनीची पूड भुरभुरवून. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅममध्ये आपली पाच अठ्ठावीसची लोकल आठवावी अशी गर्दीही अनुभवली. १७५५ च्या भूकंपात पार कोसळलेल्या आणि पुन्हा आखून बांधलेल्या शहराचे सरळसोट रस्ते तुडवले.

आणि शब्द! इथे कानावर ओळखीचे शब्द पडत राहतात. पाव म्हणजे पाँव, बटाटा म्हणजे बटाटाच. रूमची किल्ली 'शाव्ह', म्हणजे आपली चावी. काउंटरवर पैसे देणं म्हणजे 'पगार'. आपण महिनाभर ज्याची वाट बघतो तो शब्द हे लोक दिवसातून दहादा वापरतात. पण जपून हं! पहिल्याच दिवशी, तोही गुरुवार, मी मेन्यूवर 'पेरू सँडविच' वाचून खुशीत ऑर्डर दिली. पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की. माझा गुरुवार तिथेच मोडला.

सँडविचवरून आठवलं. आठ दिवस मी तेच खात होते. काउंटरवर उभ्याउभ्या कॉफी, हातात पाव, नाहीतर रूमवर पार्सल. एकदाही टेबलवर बसून जेवले नाही. पहिल्या रात्री एका छोट्या खानावळीच्या दारात गेले होते. वेटरने दोन बोटं वर करून विचारलं, 'दोइश?' दोघं? मी मान हलवली, 'सॉरी' म्हटलं आणि चक्क मागे फिरले. एकटीने विमान पकडलं, अनोळखी शहरात मध्यरात्री घर शोधलं, पण एकटीने खुर्चीवर बसून जेवायला मात्र लाज वाटली. सगळे बघतील, बिचारी म्हणतील, असं काहीतरी.

पलीकडच्या किनाऱ्यावर

शेवटच्या दिवसासाठी मी निवडली बोट. काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून तेजू नदी ओलांडून पलीकडे काशिल्याशला जाणारी. ऑफिसला जाणारे-येणारे लोक वापरतात ती साधी फेरी, जेमतेम दहा मिनिटांची. आपली भाऊचा धक्का ते मोरा आठवा, फक्त छोटी. उजवीकडे लाल लोखंडी पूल दिसतो. १९६६ मध्ये बांधला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, १९७४ च्या क्रांतीनंतर '२५ एप्रिल' असं झालं.

पलीकडे उतरल्यावर धक्क्यालगतच एक जुनं शिडाचं जहाज उभं आहे. नाव लांबलचक, 'दों फर्नांदो सेगुंदो ई ग्लोरिया'. सहज म्हणून तिकीट काढलं आणि आत माहिती वाचताना थबकले. हे जहाज आपल्याकडचं! १८४३ मध्ये दमणला बांधलेलं, आणि लाकूड नगर हवेलीच्या जंगलातल्या सागाचं. मुंबईहून वीकेंडला जाण्याइतक्या अंतरावरचं. १९६३ मध्ये त्याला आग लागली, अर्धं जळून गेलं आणि जवळजवळ तीस वर्षं ते याच नदीच्या गाळात पडून होतं. १९९८ च्या लिस्बन एक्स्पोसाठी डागडुजी करून त्याला पुन्हा उभं केलं.

मी डेकवरच्या लाकडावर हात ठेवून उभी होते आणि फोन वाजला. लिस्बनमध्ये दुपारचा दीड, पुण्यात संध्याकाळचे सहा. आईची दिवा लावायची वेळ.

'झाली का पॅकिंग? ती कुठेय?'

'अंघोळीला' हा शब्द जिभेवर आला होता. दुपारी दीडला, जहाजावर, अंघोळीला? मलाच हसू आलं आणि मग एकदम रडू.

'आई, ती आलीच नाहीये. मी एकटीच आहे. पहिल्या दिवसापासून.'

पलीकडे काहीच नाही. फोन कट झाला असेल म्हणून स्क्रीन बघितला. सेकंद पुढे सरकत होते.

'मग आज कशाला सांगितलंस?' आई म्हणाली. 'रात्री विमानात बसशील. नसतं सांगितलंस तरी मला कळलं नसतं.'

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

'एकटी गेलीस याचं एवढं नाही,' ती पुढे म्हणाली. 'पण मी रोज देवापुढे दोघींचं नाव घेत होते. लोकाची पोर, म्हणून आधी तिचं.'

हे मात्र लागलं. आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते. 'मी एकोणतीस वर्षांची आहे, स्वतः कमावते,' हे सगळं डायलॉग तयार होते. देवापुढे आधी तिचं नाव, यावर काय बोलणार? मी 'सॉरी' म्हटलं. ती 'हं' म्हणाली. त्या 'हं'मध्ये माफी नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको.

थोड्या वेळाने तिने विचारलं, 'जेवणाचं काय करत होतीस?'

'सँडविच वगैरे. रूमवर आणून.'

'का? तिथे एकट्या बाईला टेबल देत नाहीत?'

'देतात गं. मीच बसले नाही.'

'एवढी सातासमुद्रापार एकटी गेलीस आणि खुर्चीवर एकटी बसली नाहीस?' आणि मग जरा हळू आवाजात, 'मीही नाही बसले कधी. अठ्ठावन्न वर्षांत एकदाही नाही. तुझ्या बाबांबरोबर, तुमच्याबरोबर, भिशीच्या बायकांबरोबर. एकटी, नाही.'

मग एकदम नेहमीच्या आवाजात, 'जा, जेव आधी. घरी आलीस की बघते तुझ्याकडे.'

उमा

धक्क्याजवळच्या गल्लीत एक साधं हॉटेल होतं. कागदाचं टेबलक्लॉथ, भिंतीवर फळ्यावर खडूने लिहिलेला मेन्यू. वेटरकाकांनी दोन बोटं वर केली. 'दोइश?'

'उमा,' मी म्हटलं. पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी 'एक' म्हणजे उमा.

काकांनी मान डोलावली आणि खिडकीजवळचं टेबल दिलं. बस्स. कोणी वळून बघितलं नाही, कोणाला माझी कीव आली नाही. शेजारच्या टेबलवर एक आजोबाही एकटेच जेवत होते, पेपर वाचत. टेबलवर लगेच पाव, ऑलिव्ह आणि चीज आलं. (हे फुकट नसतं हं! खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर परत पाठवा.) गुरुवार सांभाळून भाज्यांचं सूप आणि बटाटे मागवले. पहिली पाच मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घातलं. मग तो पर्समध्ये टाकला आणि तासभर नुसती जेवले. नदी दिसत होती. पावाने सूपची वाटी पुसून खाल्ली. शेवटी 'आ कोंता' म्हणून बिल मागितलं, पगार केला आणि रिकाम्या ताटाचा फोटो आईला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर नाही.

घरी पोचल्यावर तीन दिवस अबोला चालला. बुचाची पर्स कपाटात गेली. बाबांना तिनेच सांगितलं, कसं ते मला माहीत नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, 'सार्डिन कशाबरोबर खायचे?'

तीन आठवड्यांनी ऐन रिव्ह्यू मीटिंगमध्ये तिचा फोन आला. आई कधी ऑफिसच्या वेळेत करत नाही, म्हणून घाबरून बाहेर पळाले.

'काही नाही गं,' ती कुजबुजत होती. मागे भांड्यांचा आवाज. 'बँकेचं काम होतं. येताना कोपऱ्यावरच्या उडप्याकडे शिरले. मसाला डोसा मागवलाय. वेटर विचारत होता, अजून कोणी येणारे का.'

'मग?'

'मग काय, म्हटलं, नाही. एकच.' जरा थांबून ती म्हणाली, 'तुझी ती पर्स आणलीय सोबत. ठेव आता फोन, डोसा आला.'