ऑक्टोबरचा न्याय

१९८० च्या हंगामात न्यू यॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने १६२ पैकी १०३ सामने जिंकले. त्या वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला इतके विजय मिळाले नाहीत. संघाचे मॅनेजर होते डिक हाउजर आणि पूर्ण हंगाम सांभाळण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. ऑक्टोबरच्या बाद फेरीत कॅन्सस सिटी रॉयल्सने यांकीजना सलग तीन सामन्यांत हरवले. नोव्हेंबरमध्ये हाउजर यांच्या जागी जीन मायकेल आले. हाउजर यांना काढलेले नाही, फ्लोरिडात जमिनीच्या व्यवसायाची चांगली संधी आल्यामुळे ते स्वतःहून जात आहेत, असे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी पत्रकारांना सांगितले. त्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नाही.

१०३ विजय विसरायचे आणि तीन पराभव लक्षात ठेवायचे, हा हिशेब अजब वाटतो. तरी अमेरिकन बेसबॉलमध्ये तो पुन्हा पुन्हा मांडला गेला आहे. त्याचे कारण या खेळाच्या घडणीत आहे, तसेच मालकांच्या महत्त्वाकांक्षेतही आहे.

‘मॅनेजर’ या शब्दाने क्रिकेटच्या वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. क्रिकेटच्या दौऱ्यावरचा मॅनेजर प्रवास, मुक्काम आणि शिस्त पाहतो. बेसबॉलमध्ये मात्र कप्तानाची बहुतेक कामे मॅनेजरकडे असतात. फलंदाजीचा क्रम कसा लावायचा, थकलेल्या पिचरला केव्हा थांबवायचे, बदली खेळाडू कधी उतरवायचा, हे सारे तोच ठरवतो. त्यामुळे सामना हरला की बोट त्याच्याकडे वळते.

आता खेळाचा स्वभाव पाहू. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत संघ जवळजवळ रोज खेळतो. वर्षाला शंभर विजय म्हणजे उत्तम संघ. पण असा संघही साठहून अधिक सामने हरतो. म्हणूनच खरी प्रतवारी ठरायला १६२ सामने लागतात. बाद फेरीत मात्र तीन, पाच किंवा सात सामन्यांत निकाल लागतो. समजा, एका संघाला दर सामन्यात जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे. गणिताने पाच सामन्यांची मालिका तो साधारण ५९ टक्के वेळा जिंकेल आणि सातांची ६१ टक्के वेळा. म्हणजे दहापैकी चार वेळा सरस संघच घरी जाईल. त्यात कोणाची चूक असलीच पाहिजे असे नाही.

पण मालक गॅलरीत बसून शक्यता पाहत नाही, प्रसंग पाहतो. १९८० च्या मालिकेतील दुसऱ्या सामन्यात यांकीज एका धावेने मागे होते. आठव्या डावात विली रँडॉल्फ पहिल्या बेसवरून धावत सुटले आणि तिसऱ्या बेसजवळचे प्रशिक्षक माइक फेरारो यांनी त्यांना होमकडे पिटाळले. रॉयल्सच्या क्षेत्ररक्षकाची फेक चुकली, ती ठरलेल्या साथीदाराच्या डोक्यावरून गेली. मात्र मागे जॉर्ज ब्रेट उभे होते. त्यांनी चेंडू पकडून होमकडे फेकला आणि रँडॉल्फ बाद झाले. स्टाइनब्रेनर संतापले, फेरारोंना काढा म्हणाले. हाउजर यांनी आपल्या सहकाऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचेच पद गेले.

स्टाइनब्रेनर क्लीव्हलँडचे जहाजबांधणी उद्योजक. १९७३ मध्ये भागीदारांसह त्यांनी सुमारे एक कोटी डॉलरला यांकीज विकत घेतला, तेव्हा आपण जहाजेच बांधत राहू, संघाच्या रोजच्या कारभारात पडणार नाही, असे सांगितले होते. पुढच्या २३ हंगामांत त्यांनी वीस वेळा मॅनेजर बदलला. एकट्या बिली मार्टिन यांना पाच वेळा नेमले. याला व्यवहाराची बाजूही होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि मोठ्या रकमांचे दीर्घ करार होऊ लागले. पंचवीस खेळाडू बदलणे अवघड, एक मॅनेजर बदलणे सोपे. शिवाय १९७८ मध्ये जुलैत मार्टिन यांनी राजीनामा दिला, बॉब लेमन आले आणि त्याच वर्षी यांकीज विजेते झाले. एकदा लागू पडलेले औषध मालक पुढे प्रत्येक दुखण्यावर देत राहिले.

हाउजर यांना १९८१ मध्ये त्याच कॅन्सस सिटीने बोलावले. १९८५ मध्ये त्यांच्या संघाने ९१ सामने जिंकले आणि बाद फेरीत ९९ विजय मिळवणाऱ्या टोरांटोशी गाठ पडली. टोरांटोने ३-१ अशी आघाडी घेतली. आदल्या वर्षापर्यंत ही मालिका पाच सामन्यांची होती; म्हणजे जुन्या नियमाने हाउजर इथेच संपले असते. पण नेमकी त्याच वर्षी ती सातांची झाली आणि रॉयल्सने उरलेले तिन्ही सामने जिंकले. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसविरुद्धही ते ३-१ असे मागे होते. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या डावात पंच डॉन डेंकिंगर यांनी बाद असलेल्या रॉयल्सच्या फलंदाजाला नाबाद ठरवले. तो सामना फिरला आणि सातवा ११-० असा जिंकून हाउजर जगज्जेते ठरले. १९८० मधले हाउजर नालायक आणि १९८५ मधले थोर, असे म्हणायला काय आधार आहे? माणूस तोच होता. एकदा दैव आडवे आले, एकदा धावून आले.

यांकीजना मात्र १९८२ ते १९९४ या काळात बाद फेरीचे तोंड दिसले नाही. १९९० मध्ये एका जुगाऱ्याला पैसे दिल्याच्या प्रकरणात स्टाइनब्रेनर यांना कारभारापासून दूर करण्यात आले. ते १९९३ मध्ये परतले. दरम्यान सूत्रे त्याच जीन मायकेल यांच्याकडे होती. त्यांनी तरुण खेळाडू विकून टाकण्याऐवजी वाढू दिले. मारियानो रिव्हेरा आणि डेरेक जीटर हे त्याच काळात संघात आले, आणि १९९६ ते २००० मध्ये जो टॉरी यांच्या हाताखाली यांकीजनी चार विजेतेपदे मिळवली.

वेगळ्या वाटेचे उदाहरण लॉस एंजेलिस डॉजर्सचे आहे. २०२२ मध्ये १११ विजय मिळवून हा संघ ८९ विजयांच्या सॅन डिएगोकडून हरला. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांच्यावर टीकेची झोड उठली. मालकांनी त्यांना ठेवले. २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांनी सलग दोन विजेतेपदे आणली. डॉजर्सच्या मालकांचा पैसा आणि हव्यास यांकीजहून कमी नव्हता. फक्त एका ऑक्टोबरवरून त्यांनी माणसाची किंमत ठरवली नाही.

हाउजर यांना १९८६ मध्ये मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले आणि पुढच्या जूनमध्ये ५१ व्या वर्षी ते गेले. कॅन्सस सिटीने त्यांचा दहा क्रमांक कायमचा निवृत्त केला. रॉयल्सच्या गणवेशावर तो पुन्हा कोणाला मिळत नाही.